‘मग पुढं काय झालं?’
वाचकांचे प्रश्न : अत्याचाराचा संशय आणि मुलांचा जबाब

लैंगिक अत्याचाराचा संशय आला की मुलाशी काय बोलायचं आणि त्याचा जबाब कसा घेतला जावा, याविषयी सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून पत्रं आली आहेत. त्यातल्या सहा पत्रांना इथं उत्तरं देत आहोत. नाव, शाळा, गल्ली असं ओळख पटवणारं काहीही छापलेलं नाही. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ते आमच्यावर बंधनकारक आहे. पुढं आलेली कलमंही याच कायद्याची. पत्र लिहिणाऱ्यांनीही नात्यात आणि गल्लीत बोलताना तेवढीच काळजी घ्यावी, अशी कळकळीची विनंती.

प्रश्न : मुलगी पहिलीत आहे. परवा रात्री झोपताना म्हणाली, ‘शेजारचे काका मला त्रास देतात.’ मी विचारलं, मग तिच्या बाबांनी विचारलं, सकाळी आत्यानं विचारून मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं. आता ती काहीच बोलत नाही. काय करू?
— एक आई, सोलापूर

उत्तर : आजपासून घरातल्या सगळ्यांनी विचारणं थांबवा. तिला एवढंच सांगा : ‘तू मला सांगितलंस हे चांगलं केलंस. तुझ्यावर कुणी रागावलेलं नाही. आणखी काही सांगावंसं वाटलं तर केव्हाही सांग.’ ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही.

ती गप्प का झाली, तेही समजून घ्या. एकच गोष्ट तीन मोठ्या माणसांनी विचारली की लहान मुलाला वाटतं, आपलं पहिलं उत्तर चुकलं. मग ते उत्तर बदलतं, नाहीतर बोलणंच बंद करतं. दुसरा धोका प्रश्नाच्या शब्दांचा. ‘त्रास देतात’ या दोन शब्दांत वेणी ओढण्यापासून दाराआड नेण्यापर्यंत काहीही असू शकतं. तिथं एकदाच, शांतपणे ‘त्रास देतात म्हणजे काय करतात, मला सांग’ एवढं विचारणं योग्य. ‘त्यांनी तुला इथं हात लावला ना?’ असं विचारलं आणि तिनं मान हलवली, तर तो हात तिच्या आठवणीतला की तुमच्या प्रश्नातला, हे पुढं कुणालाच सांगता येत नाही. आरोपीचा वकील नेमकं तिथंच बोट ठेवतो.

आता एक वही घ्या. ती कधी, कुठं, काय करत असताना बोलली, तिचे शब्द जसेच्या तसे आणि त्याआधी तुम्ही काय विचारलं होतं, हे सगळं तारीख-वेळ घालून लिहा. वाक्य शुद्ध करू नका. बाबांनी आणि आत्यानं काय विचारलं तेही त्यांनाच लिहायला सांगा. मोबाईलमधलं रेकॉर्डिंग पुसू नका, कापू नका, कुणाला पाठवू नका. ज्या फोनवर आहे त्यावरच राहू द्या आणि पोलिसांना त्याबद्दल सांगा. तीन जणांनी विचारलं होतं हे लपवलं तर तुमच्याच लेकीची बाजू कमजोर होते. मोकळेपणानं सांगितलं तर जबाब घेणारा अधिकारी त्याचा हिशेब ठेवून प्रश्न ठरवतो.

त्या शेजाऱ्याला जाब विचारायला जाऊ नका. मुलगी त्याच्यासमोर जाणार नाही एवढं बघा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा, किंवा १०९८ अथवा ११२ वर फोन करा. पुरावा गोळा करून जायची गरज नाही. तुम्ही सांगाल ते लिहून घेणं आणि तुम्हाला वाचून दाखवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. तिथून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवावं लागतं. समितीमार्फत मुलीसाठी साहाय्यक व्यक्ती मिळते. ती तपासापासून खटला संपेपर्यंत सोबत असते, म्हणून तिची मागणी पहिल्याच भेटीत करा.

प्रश्न : तिसरीतल्या मुलानं वर्गशिक्षिकेला काही सांगितलं. संशय शाळेत येणाऱ्या एका माणसावर आहे. व्यवस्थापन समितीतले काही जण म्हणतात, ‘आधी आपण चौकशी करू, खरं निघालं तर पोलिसांत जाऊ. उगाच शाळेचं नाव जायला नको.’
— मुख्याध्यापक, अक्कलकोट तालुका

उत्तर : नाही. कलम १९ मध्ये नुसती शंका असली तरी कळवायचं आहे. खरं-खोटं ठरवणं हे शाळेचं काम नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडपलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. उलट, चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर नंतर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. शाळेतली बालसुरक्षेची सखी सावित्री समिती असो की व्यवस्थापन समिती, त्यांचा ठराव होईपर्यंत थांबायला कायद्यात जागा नाही.

त्या मुलाला समितीपुढं उभं करू नका आणि त्या माणसाला समोर बोलावून ‘हाच का?’ असं तर मुळीच विचारू नका. शिक्षिकेनं जे ऐकलं ते तिनं स्वतःच्या हातानं लिहून सही करावी. तिची प्रत्यक्ष साक्ष कामाची असते. दुसऱ्या शिक्षकानं तिच्याकडून ऐकून लिहिलेल्या अहवालाला तेवढी किंमत नाही. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक ओळही नको.

प्रश्न : लहान मुलांचे जबाब घेण्याचं काम माझ्याकडे येतं. कलमं पाठ आहेत, पण खोलीत बसल्यावर नेमकं काय बोलायचं हे कुणी शिकवलं नाही. ठरलेली पद्धत आहे का?
— महिला पोलीस उपनिरीक्षक, सोलापूर जिल्हा

उत्तर : आहे. अमेरिकेतल्या ‘एनआयसीएचडी’ या राष्ट्रीय बालआरोग्य संस्थेत मायकेल लॅम्ब आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात मुलाखतीचा एक आराखडा तयार केला. पुढं तो अनेक देशांत तपासला आणि वापरला गेला. त्याची गरज का पडली हे माहीत असलं तर त्यातली प्रत्येक पायरी पटते. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात मॅकमार्टिन नावाच्या बालवाडीवर आरोप झाले. शेकडो मुलांना ‘बाकीच्यांनी सांगितलं, तू पण हुशार आहेस ना?’ अशा धर्तीवर विचारलं गेलं. खटला १९९० पर्यंत चालला आणि एकालाही शिक्षा झाली नाही. १९९८ मध्ये संशोधकांनी त्याच पद्धती तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर निरुपद्रवी प्रसंग घेऊन तपासल्या. वर्गात गोष्ट सांगून गेलेल्या पाहुण्याबद्दल न घडलेल्या गोष्टी विचारल्या. नुसते सुचवणारे प्रश्न होते तिथं सुमारे १७ टक्के उत्तरं खोट्या ‘हो’ची आली. त्याला शाबासकी आणि ‘बाकीच्यांनी सांगितलं’ची जोड दिली तिथं सुमारे ५८ टक्के. हे सगळं पाच मिनिटांच्या आतल्या मुलाखतींत घडलं. अशा चुकीनं निरपराध माणूस अडकतो आणि ज्या मुलावर खरंच अत्याचार झाला त्याचा जबाबही टिकत नाही. आम्हाला त्या मुलाची काळजी निरपराध माणसाइतकीच वाटते.

तयारी आधी करा. मूल घरी कोणती भाषा बोलतं, त्याला कोणत्या नावानं हाक मारतात, घरात कोण कोण राहतं, ‘काका’ नेमके किती, हे आईला विचारून घ्या. कलम २४ प्रमाणे जबाब घरी किंवा मुलाला हव्या त्या जागी, साध्या कपड्यांत. मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती हजर हवी, पण तिला मुलाच्या मागं, थोड्या अंतरावर बसवा आणि ‘मध्ये बोलायचं नाही, मान हलवायची नाही’ हे आधीच सांगा. मूल उत्तर देण्याआधी आईच्या चेहऱ्याकडे बघत असेल तर बसण्याची जागा चुकली आहे. पंखा, यंत्रमागाचा खडखडाट, टीव्ही यांनी रेकॉर्डिंग वाया जातं. आधी एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकून बघा. भुकेची किंवा झोपेची वेळ टाळा. मुलाला लघवीला जाऊन येऊ द्या.

सुरुवात नियमांनी. तेही नुसते सांगू नका, करून घ्या. ‘मी विचारलेलं माहीत नसेल तर “माहीत नाही” म्हणायचं. आता सांग, माझ्या भावाचं नाव काय?’ मूल ‘माहीत नाही’ म्हणालं की, ‘बरोबर, तुला ते माहीत नाही.’ मग, ‘मी चुकले तर मला सांगायचं. मी म्हटलं तू दोन वर्षांचा आहेस, तर?’ आणि, ‘तिथं काय झालं ते मला माहीत नाही, मी तिथं नव्हते.’ हे वाक्य फार मोलाचं आहे, कारण पोलिसांना सगळं माहीत असतं असं लहान मुलांना खरंच वाटतं.

मग सराव. एखादा साधा, आनंदाचा प्रसंग घ्या. ‘तू गड्ड्याच्या जत्रेला गेला होतास ना? घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत सगळं सांग.’ मूल म्हणेल, ‘पाळण्यात बसलो.’ तुम्ही म्हणा, ‘पाळण्यात बसलास. मग पुढं काय झालं?’ पाच-सात मिनिटांच्या या गप्पांत दोन कामं होतात. इथं बोलायचं आपण आहे हे मुलाला कळतं, आणि हे मूल किती सलग सांगू शकतं हे तुम्हाला कळतं. घाई असली की पहिली कात्री या सरावाला लागते आणि तिथंच जबाब पातळ होतो.

मुद्द्यावर येताना आरोपीचं नाव किंवा कृती आपल्या तोंडून येऊ द्यायची नाही. ‘आज तू माझ्याशी बोलायला का आलास, ते सांग.’ मूल बोलायला लागलं की थांबवू नका; ते गप्प झालं तरी मनात दहा आकडे मोजा. नंतर त्याचाच शब्द उचला. ‘तू म्हणालास “गच्चीवर नेलं”. गच्चीवर गेल्यावर काय काय झालं, सगळं सांग.’ हे संपल्यावरच कोण, कुठं, कशानं असे नेमके प्रश्न. हो-नाहीचे किंवा ‘हे की ते’ असे प्रश्न सगळ्यात शेवटी, अगदी गरज असेल तरच, आणि प्रत्येक ‘हो’नंतर पुन्हा ‘त्याबद्दल सांग’. त्याआधी दोन मिनिटं बाहेर जाऊन टिपणं बघा, काय राहिलं ते ठरवा.

‘किती वेळा?’ हा प्रश्न लहान मुलाला विचारू नका. ते ‘शंभर’ म्हणेल आणि तो आकडा जबाबात कायमचा बसेल. ‘एकदा झालं की जास्त वेळा?’ असं विचारा. जास्त वेळा असेल तर ‘शेवटच्या वेळचं सांग’, मग ‘पहिल्या वेळचं’, मग ‘जे नीट आठवतं ते’. तारीख-वेळेऐवजी शाळेच्या आधी की नंतर, अंगावर कोणते कपडे होते, टीव्हीवर काय लागलं होतं. ‘का ओरडली नाहीस?’, ‘का गेलीस?’ हे मुलाला दोष दिल्यासारखं ऐकू येतं, ‘का’ टाळाच. ‘शाब्बास, खरं सांगितलंस’ असंही नको. ‘तू नीट विचार करून सांगतो आहेस’ एवढं चालेल. अवयव दाखवून घेण्यासाठीच्या बाहुल्या सुरुवातीला काढू नका, लहान मुलं त्यांच्याशी खेळायला लागतात. शरीराचं चित्र दाखवायचं झालं तर तोंडी सांगून झाल्यावर, शब्द स्पष्ट करून घेण्यापुरतं.

संशयाचं दुसरं निर्मळ कारणही मोकळ्या मनानं तपासा : औषध लावणं, शी धुणं, खेळातली झटापट. त्यासाठी वेगळे प्रश्न लागत नाहीत, मोकळेपणानं सांगू दिलं की ते आपोआप बाहेर येतं.

आता लेखन. सहा वर्षांच्या मुलीच्या जबाबात ‘सदर इसमाने मला लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य केले’ असं वाक्य आलं की तो जबाब तिचा राहिला नाही. ती ‘शूच्या जागी बोट टोचलं’ म्हणाली असेल तर तेच लिहा. तुमचा प्रश्नही लिहा. कलम २६ प्रमाणे शक्य तिथं दृकश्राव्य रेकॉर्डिंग करायचंच आहे. कागद आणि रेकॉर्डिंग यांत फरक पडला तर उलटतपासणीत त्यावरच तासभर जातो. शेवटी मुलाचे आभार माना, ‘तुला मला काही विचारायचं आहे का?’ म्हणा आणि शाळा-खेळाच्या दोन गप्पा मारून मगच उठा.

प्रश्न : आमचं घर पूर्व भागात, घरात तेलुगू. मुलगा शाळेत मराठी शिकतो, पण घाबरला की तेलुगूच बोलतो. जबाब मराठीत घेतला आणि शेजाऱ्यानं भाषांतर करून दिलं. हे चालतं का?
— एक विडी कामगार आई, सोलापूर

उत्तर : दुभाषा मागण्याचा तुमच्या मुलाला हक्क आहे, तपासात कलम २६ आणि न्यायालयात कलम ३८ प्रमाणे. शेजारी, नातेवाईक किंवा दोन्ही घरांना ओळखणारा माणूस दुभाषा नको. अशी माणसं अर्थ सावरून सांगतात, लाजेचे शब्द गाळतात आणि नंतर गल्लीत चर्चा होते ती वेगळीच. अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, एक प्रत बाल कल्याण समितीला द्या आणि पूरक जबाब पात्र दुभाष्यासमोर घ्यावा अशी मागणी करा. पहिला जबाब रद्द करा असं म्हणू नका. तो कोणत्या भाषेत आणि कुणाच्या मदतीनं झाला याची नोंद मागा.

चांगला दुभाषा ‘तो म्हणतो की त्याला...’ असं सांगत नाही, मुलाच्याच तोंडचं ‘मला...’ असं बोलतो. प्रश्न सोपा करत नाही, स्वतःचा जोडत नाही. आणि नात्याचे शब्द मूळ भाषेतच ठेवतो. सोलापुरात हे फार जपावं लागतं. तेलुगू आणि कन्नड घरात अण्णा म्हणजे थोरला भाऊ. कित्येक मराठी घरांत वडिलांनाच अण्णा म्हणतात. तेलुगूत मामय्या आईचा भाऊही असतो आणि आत्याचा नवराही. जबाबात नुसतं ‘अण्णा’ लिहिलं तर संशय भलत्याच माणसावर जाऊ शकतो. म्हणून ‘कोणते अण्णा? त्यांच्याबद्दल सांग’ हा प्रश्न हवाच. दख्खनी बोलणाऱ्या मुलाचं ‘कल’ मागचंही असतं आणि पुढचंही. मराठी बोलणारी लहान मुलंसुद्धा मागच्या कुठल्याही दिवसाला ‘काल’ म्हणतात.

प्रश्न : नातीनं आधी काही झालं नाही म्हटलं, दोन महिन्यांनी सांगितलं. पोलिसांपुढच्या आणि मॅजिस्ट्रेटपुढच्या जबाबात थोडा फरक आहे. वैद्यकीय तपासणीत जखम नाही. लोक म्हणतात, केस गेली. तिच्याकडून जबाब पाठ करून घ्यावा का?
— आजोबा, बार्शी

उत्तर : आजोबा, पाठ करून घेऊ नका. पाठ केलेला जबाब पहिल्या अनपेक्षित प्रश्नाला कोलमडतो, आणि ‘तुला हे कुणी शिकवलं?’ या प्रश्नाला ती खरं उत्तर देईल : ‘आजोबांनी.’

उशिरा सांगणं हे अशा प्रकरणांत नेहमीचं आहे, विशेषतः माणूस ओळखीचा किंवा घरातला असेल तेव्हा. घरच्यांचे चेहरे बघून मूल सांगितलेलं परतही घेतं. त्यामुळे उशीर झाला म्हणून खोटं, असं कुणी म्हणत असेल तर ते मानू नका. तपासणीत जखम न दिसणंही अगदी सामान्य आहे. कित्येक कृत्यांनी जखम होतच नाही आणि झालेली काही दिवसांत भरते. मुलाची साक्ष विश्वासार्ह वाटली तर न्यायालय तेवढ्यावरही निर्णय देऊ शकतं. दोन जबाबांत कपड्याचा रंग, वार, कोण आधी आलं यांत फरक असेल तर तो आठवणीचा स्वभाव आहे. कोण आणि काय केलं, हा गाभा बदलला असेल तर ते सरकारी वकिलांना आधीच सांगा. नातीला मात्र त्याबद्दल विचारू नका.

न्यायालयाची तयारी जरूर करून द्या, पण ती जागेची. कुठं बसायचं, न्यायाधीश कोण, दमल्यावर ‘मला थांबायचं आहे’ कसं म्हणायचं. आरोपी तिच्या नजरेला पडणार नाही अशी व्यवस्था कलम ३६ प्रमाणे करावी लागते : पडदा किंवा व्हिडिओ जोडणी. सुनावणी बंद दालनात चालते. वकिलांनी थेट तिला प्रश्न विचारायचे नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारायचे. कलम ३३ प्रमाणे पुन्हापुन्हा बोलावणं आणि अंगावर येणारे प्रश्नही टाळायचे आहेत. न्यायालयानं दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षभरात खटला पूर्ण व्हावा असं कायद्यात म्हटलं आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात. तेवढा काळ घरात रोज त्या विषयावर बोलू नका. तिला समुपदेशन हवं असेल तर साक्षीसाठी थांबायचं कारण नाही; समुपदेशकानं झोप, भीती, शाळा यांवर काम करावं, प्रसंगाचा तपशील खोदून काढू नये.

प्रश्न : घटना कळायच्या आत मुलाला अंघोळ घातली, कपडे भिजवले. आता तपासणीचा उपयोग आहे का?
— एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : आहे, आजच जा. केंद्र सरकारच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ९६ तासांपर्यंत नमुने घ्यायचे असतात. एचआयव्ही प्रतिबंधक औषध मात्र ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं. म्हणून वेळ घालवू नका. सरकारी असो की खासगी, दवाखान्यानं प्रथमोपचार मोफत द्यायचे आहेत. ‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ म्हणून परत पाठवता येत नाही. भिजवलेले कपडे काढून सावलीत वाळवा, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल राहते आणि नमुना कुजतो. न धुतलेली चादर, टॉवेल असेल तर तोही घ्या.

मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरनं करायची. पालक किंवा मुलाला विश्वासाची वाटणारी व्यक्ती आत हवी. १२ वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची संमती घेतली जाते आणि तपासणीच्या कोणत्याही टप्प्याला ते ‘नको’ म्हणू शकतं. योनीत बोटं घालून करायची ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच अमान्य ठरवली आहे. कुणी करू लागलं तर तिथंच थांबवा. डॉक्टरांना हकीकत तुम्ही सांगा, मुलाकडून पुन्हा वदवून घेऊ नका. उपचारासाठी लागेल तेवढंच डॉक्टर मुलाला विचारतील. अंघोळ झाली होती, कपडे भिजवले होते, हे त्यांच्याकडून कागदावर नोंदवून घ्या.